तीन म्हणणारा माणूस

गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर त्यांना सगळे तीनकाका म्हणत. खरं नाव कार्यालयातल्या एका पिवळ्या फायलीत होतं, पण ते बघायची वेळ अकरा वर्षांत कुणावर आली नव्हती. नव्याने येणाऱ्यांना वाटे, तीन भावांतले हे धाकटे असतील. काकांची तीन लग्नं झाली, असंही कुणीतरी गमतीने उठवून दिलं होतं. खरं कारण साधं होतं. काका दिवसभरात एकच शब्द बोलत, आणि तो शब्द म्हणजे ‘तीन’.

विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं तिथे काही नव्हतं. डांबराची एक पट्टी, दोन्ही अंगांना गवत. एका टोकाला विमानं ठेवायची पत्र्याची मोठी शेड, तिला लागून कार्यालय, आणि कार्यालयाच्या गच्चीवर काचेची खोली. त्या खोलीत रेडिओवर बोलणाऱ्या बाई बसत. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, शेडपासून जवळजवळ किलोमीटरभर लांब, चार खांबांचं एक खोपटं होतं. वर पत्रा, तीन बाजूंना फळ्या, चौथी बाजू पट्टीकडे उघडी. तिथे काकांची खुर्ची. हौसेखातर स्वतःचं विमान बाळगणारे चौदा-पंधरा लोक आणि उडायला शिकणारे काही जण, एवढीच तिथली वर्दळ.

उतरायला आलेलं विमान कुंपणाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर पोचलं, की काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावायची, पोटाखालची चाकं मोजायची आणि हातातल्या रेडिओत सांगायचं, ‘तीन’. ते थेट वैमानिकाच्या कानात जाई. चाकं दिसली नाहीत तर सांगायचा शब्द दुसरा होता, ‘वर’. म्हणजे उतरू नका, परत वर जा. तो शब्द काकांनी अकरा वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता.

फार वर्षांपूर्वी एक जण चाकं बाहेर न काढताच उतरला होता आणि विमान पोटावर फरफटत गेलं होतं. तेव्हापासून ही पद्धत पडली. चाकं काढायला माणूस विसरतो कसा, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण उतरताना डोकं शंभर ठिकाणी असतं. चाकं आत असताना वेग कमी केला तर विमानात भोंगाही वाजतो. आपल्या डोक्याने एकदा ‘झालं’ असं धरलं, की भोंगासुद्धा कानाशेजारून निघून जातो.

गंमत अशी, की तिथल्या बहुतेक विमानांची चाकं वर जाणारी नव्हतीच. ती कायमची पोटाखाली घट्ट बसवलेली. आत मुडपणारी चाकं फक्त दोन विमानांना. एक लाकडाच्या वखारवाल्याचं, ते वर्षातून चारदा उडे. दुसरं दातांच्या डॉक्टरांचं, ते दर रविवारी. पण नियम सरसकट सगळ्यांना होता. जी चाकं हलूच शकत नाहीत तीही काका मोजत. यावरून त्यांचा मेहुणा त्यांना टोमणा मारी.

“भाऊजी, घरातल्या टेबलाचे पायही रोज मोजता का हो?”

मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, तिथला मेकॅनिक. काकांना तिथे चिकटवलं ते त्यानेच. बायको गेली त्या वर्षी काका औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. दोन्ही एकदमच झालं. घरात बसून ते नळाच्या थेंबांचा आवाज ऐकत. मेहुण्याने चार महिने ते पाहिलं आणि एक दिवस म्हणाला, की नुसतं बघायचं काम आहे, तुम्ही जन्मभर तेच केलंत. ते खरंच होतं. कारखान्यात काका अठ्ठावीस वर्षं एका उजळ काचेपुढे बसले होते. औषधाच्या भरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून समोरून सरकत, आणि आत कण, केस, काचेचा कपचा दिसला तर ती बाटली उचलून बाजूला ठेवायची. मिनिटाला साठ बाटल्या. डोळ्यांत तेल घालून बसायचं म्हणतात, ते काकांनी महिन्याच्या पगारावर केलं होतं.

विमानतळावर ते सकाळी सातच्या बसने येत. आधी पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात आणि डांबरावर आलेले खडे, तारांचे तुकडे उचलत. उतरणाऱ्या चाकांच्या रबराचे काळे ओरखडे पट्टीवर उमटत. कालचे कोणते, परवाचे कोणते, हे काकांना न बघता कळे. शिकाऊ माणूस उतरला असेल तर एकाऐवजी तीन ठिकाणी उमटत, बेडूक उड्या मारत गेल्यासारखे. मग खोपटात जाऊन बसायचं. डब्यात पाव आणि उकडलेली अंडी. मेहुणा तिकडे शेडमध्ये जेवे, काका इकडे. मध्ये किलोमीटरभर डांबर. एवढ्यासाठी कोण चालत येणार, असं दोघांनाही वाटे, आणि अकरा वर्षं तसंच वाटत राहिलं.

‘तीन’ म्हटलं की वैमानिकाने काही म्हणायचं नसे. त्याला तेवढी उसंतच नसे. काचेच्या खोलीतल्या बाई मात्र ‘बरं’ म्हणत. दिवसाला वीस-पंचवीसदा तीन आणि तेवढेच बरं. संध्याकाळी काका घरी येत, कुलूप काढत, दिवा लावत, आणि कधीकधी त्यांच्या लक्षात येई, की आज आपण दुसरा शब्दच बोललो नाही. बसवालाही ओळखीचा झाला होता. उतरायचं ठिकाण त्याला सांगावं लागत नसे.

एका माणसाने मात्र हा क्रम मोडला होता, ते दातांचे डॉक्टर. काकांचे वरचे पुढचे दात पडले तेव्हा ‘तीन’ म्हणताना शीळ वाजायला लागली होती. वैमानिक हसत. डॉक्टर हसले नाहीत. एका रविवारी उतरल्यावर ते विमान शेडकडे न नेता खोपटापाशी थांबवून खाली आले आणि म्हणाले, तोंड उघडा. तिथेच, गवतात उभं राहून, त्यांनी काकांचं तोंड पाहिलं. पुढच्या महिन्यात काकांना नवीन कवळी मिळाली. एक पैसा घेतला नाही. वर म्हणाले, यात माझाच स्वार्थ आहे, मला ‘तीन’ स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. तेव्हापासून दर रविवारी खोपटासमोरून विमान हळूहळू नेताना डॉक्टर काचेआडून आपले सगळे दात दाखवत, आणि काकाही खुर्चीतून उठून त्यांना आपली कवळी दाखवत. दोन म्हातारी माकडं, असं मेहुणा म्हणे. काकांचा आठवडा त्या एका दात दाखवण्यावर तरून जाई.

तो रविवार स्वच्छ होता. वारा नावाला. दुपारपर्यंत सतरा विमानं उतरली, सगळी कायमच्या चाकांची. मग डॉक्टर आले. काकांनी आवाजावरून ओळखलं. विमान टाकीवर आलं, काकांनी दुर्बीण लावली, तोंडाने ‘तीन’ म्हटलं, बाईंनी ‘बरं’ म्हटलं.

आणि मग तो आवाज आला. पत्र्याची पेटी फरशीवरून ओढावी तसा, पण संपेचना. विमान पोटावर घसरत खोपटासमोरून गेलं, त्याच्या पंख्याची पाती मुडपून मागे वळली, एक पंख गवतात रुतला आणि सगळं गर्रकन फिरून थांबलं. धूर झाला नाही, आग लागली नाही. काका धावले. त्या वयात ज्याला धावणं म्हणतात तसं. डॉक्टर स्वतःच बाहेर आले होते, पंखावर बसले होते आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत होते. मनगट भलत्याच बाजूला वाकलं होतं. काकांना पाहून ते म्हणाले, “झालं काय?”

त्या दिवशी संध्याकाळी क्रेन आली. विमान उचललं तेव्हा पोटातून चाकं अर्धवट बाहेर लोंबत होती. चाकं खाली-वर करायचा दांडाही ‘खाली’वरच होता. डॉक्टर पहिल्यापासून छातीठोकपणे सांगत होते, की मी चाकं काढली होती, टेकताक्षणी ती दुमडली. आणि चाकं दुमडण्याच्या त्या सांध्यातला एक भाग मेहुण्याने दोनच आठवड्यांपूर्वी बदलला होता. कागदावर सही त्याची.

म्हणजे चाकं बाहेर होती आणि मोडली, तर दोष मेहुण्याचा. त्याचा परवाना जाणार, आणि बावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काही येत नव्हतं. चाकं बाहेर आलीच नव्हती, तर दोष डॉक्टरांचा. आणि मग काकांनी ‘तीन’ कशाला म्हटलं, हाही प्रश्न होताच. गुरुवारी चौकशी होती. सगळ्यांना ठाऊक होतं, की चाकं बघायला नेमलेला माणूस एकच आहे.

काका रात्री अंथरुणावर पडून आठवायला बसले नाहीत. ते खुर्चीवरच बसले, जेवणाच्या टेबलापाशी, समोर दुर्बीण ठेवून. दुर्बीण त्यांनी नकळत घरी आणली होती. त्यांनी त्या विमानाचं पोट आठवून पाहिलं. पोट आठवलं, पांढरं, त्याच्यावरची निळी रेघ आठवली. चाकं आठवली का? आठवली. पण ती सकाळच्या शिकाऊ विमानाची होती. डोळे मिटले की कुठल्याही विमानाला कुठलीही चाकं लावता येत होती. आपण बघितलं नाही, असंही त्यांना म्हणवेना. दुर्बीण तर लावली होती. मग डोळ्यांनी काय केलं?

सोमवारी पहाटे पहिल्या बसने ते गेले. पट्टी बंद ठेवली होती, पण त्यांना कुणी अडवलं नाही. नेहमीप्रमाणे ते चालत निघाले. टाकीच्या बाजूने आत आल्यावर रबराच्या ओरखड्यांची दाटी होती, त्यातला प्रत्येक त्यांच्या ओळखीचा. शनिवारचे बावीस. रविवारचे सतरा, शिकाऊच्या उड्या एकच धरून. ते खाली बसून एकेक बघत पुढे सरकले. त्यानंतर डांबरात आडवे घाव होते, पंख्याच्या पात्यांनी मारलेले, सुरीने खाचा पाडाव्यात तसे एकामागोमाग एक. मग पत्र्याच्या पोटाचा चांदीसारखा लांब पट्टा. चाकं आधी टेकून मग दुमडली असती, तर त्या घावांच्या अलीकडे रबराचा अठरावा ओरखडा असायला हवा होता. काका गुडघ्यांवर बसून तीनदा मागे-पुढे गेले. अठरावा नव्हता. आदल्या दिवशी सरकारी माणसांनी त्याच जागेचे फोटो काढले होते, पण फोटोत त्यांना काळे डाग दिसणार. कालचे आणि परवाचे दिसणार नाहीत.

ते उठले तेव्हा गुडघ्यांना डांबर लागलं होतं. सांगायला जवळपास कुणी नव्हतं. असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

मंगळवारी डॉक्टर घरी आले. सहा महिन्यांत काकांच्या दाराची कडी दुसऱ्या कुणी वाजवली नव्हती. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मनगटाची हाडं जुळतील, पण बोटांत पूर्वीची पकड येईल की नाही ते सांगता येत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. दात कोरायचं काम, त्याला केसाइतका हात हलून चालत नाही. काकांनी चहा केला. खुर्ची एकच चांगली होती, ती त्यांना दिली. डॉक्टरांनी काकांना काही सांगायला शिकवलं नाही, गळ घातली नाही. ते फक्त स्वतःलाच समजावत होते, की आपण वेडे नाही. चहा डाव्या हाताने पिताना कपाळावर आठ्या घालून ते म्हणाले,

“एक क्षण मलाही शंका आली होती, काका. हात दांड्याकडे गेलासुद्धा. तेवढ्यात तुमचा तीन ऐकू आला, तेव्हा हात मागे घेतला. म्हणजे चाकं बाहेर होतीच ना? नाहीतर तुम्ही तीन कसं म्हणाल?”

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जाताना डॉक्टरांनी सवयीने विचारलं, कवळी टोचत नाही ना. नाही, काका म्हणाले. दार लावून ते तिथेच दाराला टेकले. हात दांड्याकडे गेला होता. आपण गप्प बसलो असतो, शिंक आली असती, रेडिओ बंद पडला असता, तरी तो हात पोचला असता. ज्या शब्दासाठी पगार मिळत होता त्याच शब्दाने तो मागे फिरवला.

बुधवारी मेहुणा आला. त्याने काही विचारलं नाही. आल्या आल्या मोरीचा अकरा वर्षं गळणारा नळ खोलला आणि आतला जुना रबर बदलला. हातात काम असलं की त्याला बोलता येत असे. पाठमोराच तो म्हणाला,

“भाऊजी, मी तो सांधा नीट बसवला होता. माझी खात्री आहे. पण तुम्हाला चाकं दिसली असतील तर दिसली म्हणा. ताईच्या नवऱ्याने माझ्यासाठी खोटं बोललेलं मला पचणार नाही.”

काका म्हणाले, जेवून जा. मेहुणा म्हणाला, नको, उशीर होतो. नळ थांबला होता, त्यामुळे तो गेल्यावर घर आणखीच गप्प झालं.

गुरुवारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत टेबल लावलं होतं. चौकशीसाठी आलेल्या बाई चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. काका गेले तेव्हा डॉक्टर आणि मेहुणा बाहेरच्या बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. काकांनी दोघांकडेही पाहिलं नाही. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि आधी नाव विचारलं. काकांना ते सांगताना क्षणभर अडखळल्यासारखं झालं. मग बाईंनी रेडिओवरचं ध्वनिमुद्रण लावलं.

खरखर झाली. डॉक्टरांचा आवाज, उतरतो आहे. मग मध्ये थोडी शांतता, आणि मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, ‘तीन’. मग ‘बरं’.

काकांनी आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. तो झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा होता. त्यात कुणी काही बघत असल्याची खूणच नव्हती. बाईंना ते कळलं की नाही कोण जाणे, पण काकांना लख्ख कळलं. तीन दिवस ते आठवून आठवून थकले होते, आणि उत्तर त्या एका शब्दात होतं.

“म्हणजे तुम्ही चाकं पाहिलीत,” बाई म्हणाल्या.

“तीन म्हणालो,” काका म्हणाले. “पाहिली नाहीत.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली. काकांना लांब बोलायची सवय नव्हती. अडखळत, मध्येच पाणी पीत, त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. बाटल्या बघणाऱ्या माणसाला वीस मिनिटांवर बसू देत नसत, दुसरा येई. आणि साहेब अधूनमधून मुद्दाम एक खराब बाटली पट्ट्यावर सोडी. ती ज्याने उचलली नाही त्याला बोलणी बसत. त्या खोट्या बाटलीची भीती असे म्हणून डोळे जागे राहत. ती कधी येईल सांगता येत नसे. इथे अकरा वर्षांत एकही खराब बाटली आली नाही, काका म्हणाले. सगळ्यांना चाकं होती. पहिल्या वर्षी मी बघून म्हणत होतो. नंतर कधीतरी बघणं गळून पडलं आणि म्हणणं राहिलं. कधी, ते मला सांगता येणार नाही. दुर्बीण मात्र रोज लावत होतो. ते खोटं नाही.

मग ते उठले आणि म्हणाले, तुम्ही जरा पट्टीवर याल का? बाई आल्या. उन्हात, गुडघ्यांवर बसून, काकांनी त्यांना सतरा ओरखडे एकेक करून दाखवले, कुठल्या विमानाचा कुठला, कोण आपटला, कोण अलगद आला. काचेच्या खोलीतल्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी होत्या. बाईंनी त्या मागवून ताडून पाहिल्या. एकही चुकला नाही. अठरावा नव्हता, हे त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. त्यांच्या बोटाला धूळ लागली, रबर लागलं नाही.

“हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं,” बाई म्हणाल्या.

काका गुडघे झटकत उठले. ते म्हणाले, “डॉक्टरांचा हात दांड्याकडे गेला होता. माझा तीन ऐकून मागे आला. तेही लिहा.”

निकाल महिन्याभराने आला. सांध्यात दोष नव्हता. चाकं बाहेर काढलीच नव्हती. विमान थांबल्यावर गोंधळात डॉक्टरांनीच दांडा खाली ओढला असावा आणि क्रेनने उचलताना चाकं लोंबली असावीत, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टरांचं उड्डाण दोन वर्षं बंद झालं. मोजणाऱ्या माणसावर वैमानिकाने विसंबणं घातक आहे, म्हणून ती पद्धतच थांबवावी, असंही होतं. खोट्या बाटलीबद्दल एक वाक्य होतं, पण ते कुणी वाचून दाखवलं नाही. काकांना कुणी रागावलं नाही. कार्यालयातल्या माणसाने नुसतं सांगितलं, की महिनाअखेरीला दुर्बीण आणि रेडिओ जमा करा.

डॉक्टर परत आले नाहीत. काका एकदा त्यांच्या दवाखान्याच्या रस्त्याला गेले. पाटी तीच होती. आत दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येत होता, आणि डॉक्टर काचेमागे टेबलाशी बसून डाव्या हाताने काही लिहीत होते, पहिलीतल्या पोरासारखे, सावकाश. त्यांनी वर पाहिलं. काकांना पाहिलं. काकांनी सवयीने दात दाखवायला ओठ उचलले, आणि अर्ध्यात मिटले. डॉक्टरांनी पुन्हा खाली बघून लिहायला सुरुवात केली. कवळी त्यानंतर डाव्या बाजूने टोचायला लागली. काका त्या बाजूने चावेनासे झाले.

महिनाअखेरीला ते शेवटचे गेले. रेडिओ आधी काचेच्या खोलीत नेऊन दिला. अकरा वर्षांत त्या बाईंना त्यांनी जवळून पाहिलं नव्हतं. त्यांचे केस पांढरे असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. बाईही त्यांच्याकडे तशाच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आता मी बरं कुणाला म्हणणार? दोघेही थोडे हसले आणि काका निघाले.

दुर्बीण परत करायची होती, पण खोपटातला डबा आणायचा राहिला होता, म्हणून ते पट्टीच्या कडेकडेने चालत गेले. खुर्ची कुणीतरी आधीच नेली होती. डबा घेऊन ते वळले, तेवढ्यात टाकीच्या बाजूने आवाज आला. शिकाऊ विमान, कायमच्या चाकांचं. त्या चाकांना कुठे जायला जागाच नव्हती. काकांनी डबा गवतात ठेवला आणि दुर्बीण लावली.

या वेळी त्यांना घाई नव्हती. सांगायचंच नव्हतं कुणाला. त्यांनी आधी डावं चाक पाहिलं. त्याच्यावर सुकलेल्या चिखलाची एक पट्टी होती आणि ते वाऱ्याने सावकाश उलटं फिरत होतं. मग उजवं. ते स्थिर होतं. मग पुढचं. पुढचं चाक बाकी दोघांहून लहान होतं, चांगलंच लहान, आणि थोडं डावीकडे वळलेलं. विमान त्यांच्यासमोर टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं. काका ओठ मिटून बघत राहिले, ते शेडपर्यंत पोचेस्तोवर.

डबा उचलून ते शेडमध्ये गेले आणि दुर्बीण मेहुण्याच्या हातात दिली. मेहुणा इंजिनात हात घालून उभा होता. त्याने हात पुसले, दुर्बीण घेतली, खिळ्याला अडकवली. त्याचा परवाना वाचला होता. तसं तो तोंडाने बोलला नव्हता, पण गेल्या महिन्यात दोनदा घरी येऊन गेला होता आणि एकदा जेवलाही होता.

“पुढचं चाक लहान असतं रे,” काका म्हणाले.

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं. टेबलाच्या पायांची थट्टा त्याच्या ओठांपर्यंत आली असावी, पण त्याने ती गिळली.

“पहिल्यापासूनच, भाऊजी,” तो म्हणाला. “बसा. माझा डबा उघडतो.”

काका म्हणाले, नको, बस चुकेल. आणि मग थोडं थांबून, डबा मांडीवर घेऊन, तिथल्या तेलकट स्टुलावर बसले.